बंद गाडी, चालू गाडी
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी मला बजावलंय, ‘काका, दहाच मिनिटं.’ काळजी नसावी. बँकेत जन्म गेला, वेळेत हिशेब बंद करायची सवय आहे.

विषय आहे गेटजवळची पांढरी प्रीमियर पद्मिनी. आपली सोसायटी २५ वर्षांची, ही गाडी ३४ वर्षांची. म्हणजे ती आपल्यापेक्षा ज्येष्ठ सभासद. मुलं तिला ‘कव्हरवाली गाडी’ म्हणतात, कारण कव्हर काढलेली ती त्यांनी कधी बघितलीच नव्हती.

मुलांनो, ही गाडी परदेशी नव्हे, आपल्या कुर्ल्याची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. फियाट ११०० डिलाइट १९६४ मध्ये आली आणि १९७४ पासून तिचंच नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, गियर स्टिअरिंगला. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

आपली गाडी बी विंगमधल्या काकांची. नंबर एमएच ०२, कारण तेव्हा आपलं काम अंधेरी आरटीओला असे, एमएच ४७ नंतर आलं. २०१६ मध्ये काकांची तब्येत बिघडली आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच. २०१९ मध्ये काका गेले.

गेल्या वार्षिक सभेत काय झालं ते सर्वांना आठवत असेल. घरं जास्त, पार्किंग कमी. तरुण सभासद रात्री गाडी रस्त्यावर लावतात आणि आत नऊ वर्षं बंद गाडी जागा अडवून बसते, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. न चालणारी वाहनं काढायचा ठराव झाला. भंगारवाला येऊन १५ हजार सांगून गेला. काकू मला एवढंच म्हणाल्या, ‘भाऊजी, ती सुरू होते का तेवढं बघा. होत नसेल तर मी सही करते.’

मी एक जुना फियाटवाला मिस्त्री शोधला. आपल्या तीन-चार तरुणांनी उत्साहाने बॅटरी आणली होती, चावी फिरवायला हात शिवशिवत होते. मिस्त्री म्हणाला, ‘चावी खिशात ठेवा.’ का, ते सांगतो, कारण हे स्कूटरपासून जनरेटरपर्यंत सगळ्यांना लागू आहे. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की इंजिनातलं ऑइल खाली उतरतं, वरचे भाग कोरडे पडतात. पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटू शकतात. अशा वेळी जोर लावला तर जे वाचलं असतं तेही मोडतं.

म्हणून आधी चारही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं आणि दोन दिवस हात लावला नाही. मग मागचं एक चाक जॅकवर उचललं, टॉप गियर टाकला आणि चाक हाताने हळूहळू फिरवलं. इंजिन फिरलं! तिथे अर्धी लढाई जिंकली.

बाकीची अर्धी महिनाभर चालली. टाकीतल्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येत होता, तळाशी गंजाचा गाळ. टाकी उतरवून धुतली. कार्बोरेटर खोलून साफ केला. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं बिऱ्हाड होतं, त्यांनी वायरिंगही कुरतडलेलं. खाडी जवळ, त्यामुळे खालच्या पत्र्याला खारी हवा लागलेली. रबरी पाइप सगळे बदलले, कारण आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात टिकत नाही. ब्रेकचे सिलिंडर जाम होते. टायर दिसायला छान, पण चिरा गेलेले. मिस्त्रीचा नियम असा, की जी गाडी थांबत नाही ती सुरू करायची नाही. ब्रेक झाल्यावरच बॅटरी जोडली. चौथ्या प्रयत्नाला गाडी खोकली, ढीगभर धूर सोडला आणि चालू झाली. काकू गॅलरीत उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला.

आता माझं खातं, म्हणजे कागद. मुंबईत १५ वर्षं झाली की गाडी भंगारात, असा पुष्कळांचा समज आहे. तो दिल्लीकडचा नियम. आपल्याकडे खाजगी पेट्रोल गाडीची तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. पर्यावरण कर भरावा लागतो, विमा आणि पीयूसी लागतं, नवी नंबर प्लेटही. व्हिंटेजची ‘व्हीए’ नोंदणी मात्र ५० वर्षांवरच्या गाड्यांना, ती इथे लागू नाही. पण त्याआधी गाडी काकूंच्या नावावर हवी. मालक गेल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा असतो. दुःखात हे कुणाला सुचतं? मुलगा-मुलगीची ना-हरकत, दंड, सगळं करून गाडी टो करून तपासणीला नेली आणि पास झाली.

खर्च ५२ हजार. बँकेत असतो तर या प्रस्तावावर मी सही केली नसती! पण काकूंना आता कुणी घाईत निर्णय घ्यायला लावला नाही. त्यांनी स्वतः ठरवलं की गाडी पुण्याला नातवाकडे जाणार आणि पार्किंगची जागा सोसायटीला परत. ज्या तरुण सभासदाने सभेत सगळ्यात मोठा आवाज केला होता, तोच रविवारी मिस्त्रीच्या हाताखाली पाने देत होता, हेही नोंदवून ठेवतो.

आपल्या आवारात कव्हरखाली अजून दोन गाड्या आहेत. म्हणून कमिटीला विनंती. ठराव राहू द्या, पण नोटिशीआधी त्या घरात जाऊन विचारा आणि तीन महिने द्या. त्या तीन महिन्यांत कागदांचं काम माझ्याकडे, फी एक कप चहा. आणि ज्यांच्या गाड्या धडधाकट आहेत त्यांनी पंधरा दिवसांतून एकदा निदान वीस मिनिटं गाडी बाहेर काढा. नुसती जागेवर घुरघुरत ठेवू नका, चालवा.

दहा मिनिटं झाली. सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.