उंबऱ्याबाहेरचा पैसा

(धरणगाव येथे वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, किंचित संक्षेपाने)



बालकवींच्या जन्मगावी व्याख्यानाला बोलावलं की वक्ता सहसा निसर्गकवितेवर बोलतो. संयोजकांनी मला बाजारपेठ दिली, त्याबद्दल त्यांचे आभार. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आहे, तेव्हा विषयही वेळेवरचा आहे. लेकी माहेरी येणार, घागरी-डांगर-आंब्यांची खरेदी होणार. ही खरेदी गावात होणार की जळगावला, हा प्रश्न इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या पोटाचा आहे.

पत्रिकेवर विषय छापलाय : ‘गावची पेठ आणि सरकारी निधी’. म्हणजे असं, की धरणगावसारख्या गावाची जुनी पेठ मंदावली तर तिला उभारी यावी म्हणून सरकारने पैसा खर्च करावा का, आणि करायचा तर कशावर? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला वाद घालायला सोपं जाईल. पैसा जरूर यावा, पण तो दुकानाच्या उंबऱ्याबाहेर खर्च व्हावा. आतलं दुकानदाराने पाहावं. आणि बाहेर जे होईल ते टिकवण्यात दुकानदाराचा वाटा असावा, पैशाचाही आणि शिस्तीचाही.

आधी या गावाचाच हिशेब मांडू. इंग्रजांनी १६७४ मध्ये इथे वखार घातली. ती इथे विणकर होते, कापड होतं म्हणून. दुसऱ्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने ती लुटली. लुटीला यावं इतकी मातबरी त्या वेळी या गावात होती, हा त्यातला आपल्या कामाचा मुद्दा. कापडासारखाच इथला कागदही एके काळी नावाजलेला होता. १८५५ मध्ये सरकारने इथे कापसातली सरकी काढायची यंत्रं बसवली, देखरेखीला गोरा साहेब नेमला. १८६० च्या दशकात नगरपालिका आली. १९०० च्या सुमाराला ताप्ती व्हॅली रेल्वे आली. एवढं सगळं असलेल्या गावाच्या हातून मोठा व्यापार सुटला कसा?

गावातले व्यापारी आळशी झाले म्हणून सुटला, असं मला वाटत नाही. मुंबईहून येणारा मुख्य लोहमार्ग जळगाववरून गेला, तोही आपल्याकडे गाडी यायच्या कितीतरी वर्षं आधी. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले, तेव्हा पूर्व खानदेशाचं ठाणं जळगाव ठरलं. कचेरी, कोर्ट, मोठा दवाखाना, कॉलेज तिकडे गेलं. कोर्टाच्या तारखेला गेलेला माणूस येताना लुगडंही तिथूनच घेऊन येतो. पुढे राष्ट्रीय महामार्गही पाळधी-एरंडोलवरून गेला, धरणगाव बाजूला राहिलं. हे सगळे सार्वजनिक पैशाचेच निर्णय होते. म्हणून ‘बाजारात सरकारने पडू नये’ असं कोणी म्हटलं तर मला हसू येतं. सरकार पहिल्यापासून बाजारात आहे. कुठे रस्ता आणि कुठे कचेरी हे ठरवताना ते कोणाची तरी पेठ वसवतं आणि कोणाची तरी उठवतं.

वसवल्याचं उदाहरण धुळ्याचं आहे. १८१८ मध्ये खानदेश कंपनीच्या हाती गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला कारभारी झाला. मुख्य ठाण्यासाठी त्याने धुळं निवडलं. १८१९ ची गणती सांगते, धुळ्यात घरं ४०१ आणि माणसं २,५०९. पांझरा नदी आणि पाटाच्या मधे दाटलेलं लहानसं गाव. ब्रिग्जने दुरून कारागीर आणवले, नवं शहर आखलं, व्यापाऱ्यांना वस्तीला बोलावलं. घरासाठी जागा कायमची बिनसाऱ्याने दिली आणि पक्कं घर बांधायला जुन्या रहिवाशांना आणि बाहेरून येणाऱ्यांना उचलही दिली. आपल्याकडे ही रीत नवी नव्हती. पेशवाईत नवी पेठ वसवताना कौल देत, काही वर्षं कर माफ करत आणि शेटे-महाजनांवर पेठ भरवण्याची जबाबदारी टाकत.

इथे माझ्या म्हणण्याला तुम्ही अडवू शकता. ब्रिग्जने घर बांधायला पैसे दिले, म्हणजे सरकारचा पैसा उंबऱ्याच्या आत गेलाच की. गेला. पण उचल म्हणून गेला, आणि घर बांधून तिथे राहायला येणाऱ्याला मिळाला. कोणी कुठला धंदा करावा, दुकान किती फुटांचं असावं, हे त्याने ठरवलं नाही. पुढच्या दीडशे वर्षांत नेमकं हेच आपण ठरवायला लागलो.

केंद्र सरकारने १९७९-८० मध्ये लहान व मध्यम शहरांच्या एकात्मिक विकासाची योजना काढली. २००५ पर्यंत ती चालली, मग दुसऱ्या योजनेत विलीन झाली. हेतू चांगला होता : लोंढे मुंबई-पुण्याकडे जाऊ नयेत, तालुक्याच्या गावीच रोजगार मिळावा. रस्ते, बसस्थानकं, मंड्या याबरोबर तिच्यातून व्यापारी संकुलं झाली. खुद्द नगरपालिकांनीही स्वतःच्या आणि कर्जाच्या पैशातून तीच वाट धरली. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याला जा, हे संकुल तुम्हाला सापडेल. तळमजल्यावर दहा बाय बाराचे गाळे, समोर शटर. कोपऱ्यात जिना, त्याच्या भिंती पिचकाऱ्यांनी लाल. वरच्या मजल्यावर एखाद्या टायपिंग क्लासची पुसट पाटी, दोन-तीन गोडाऊन, बाकीच्या शटरांना गंज. नकाशात दाखवलेलं स्वच्छतागृह असतं, पण त्याला कुलूप असतं आणि किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच ठाऊक नसतं.

असं का होतं? किराणा घ्यायला, बांगड्या भरायला कोणी जिना चढत नाही, हे लहान पोरालाही कळतं. पण जितके गाळे जास्त तितकी अनामत रक्कम जास्त, आणि बांधकामाचा पैसा अनामतीतून वसूल करायचा असतो. त्यामुळे आराखडा ठरतो तो वसुलीच्या सोयीने, गिऱ्हाइकाच्या नाही. बऱ्याचदा गाळा एकाच्या नावावर निघतो, चालवतो दुसराच, आणि पोटभाडं मूळ भाड्याच्या कितीतरी पट असतं. म्हणजे सार्वजनिक पैशाचा फायदा पेठेलाही होत नाही आणि नगरपालिकेलाही. तो मधल्यामधे मुरतो.

पुढे काय होतं ते पाहायला लांब जायला नको. जळगाव महापालिकेच्या संकुलांतल्या दोन हजारांहून जास्त गाळ्यांचे करार २०१२ मध्ये संपले. नवं भाडं किती, जुन्याच गाळेधारकाला द्यायचं की लिलाव करायचा, थकबाकीवर दंड किती, यावर ठराव झाले, मोर्चे झाले, उच्च न्यायालयापर्यंत प्रकरणं गेली, आणि वर्षानुवर्षं ती गाठ सुटली नाही. गाळेधारकाला उद्या दुकान राहील की नाही याची खात्री नाही, म्हणून तो दुकानात पैसा घालत नाही. पालिकेला भाडं मिळत नाही, म्हणून ती संकुलाची डागडुजी करत नाही. चूक कोणाची हे कोर्ट ठरवील. आपण एवढंच ध्यानात घ्यावं, की नगरपालिका घरमालक झाली की ती आपल्याच व्यापाऱ्याची फिर्यादी होते.

आता पालिकेच्या बाजूनेही एक गोष्ट सांगतो. १९९९ मध्ये महाराष्ट्रातल्या नगरपालिकांची जकात बंद झाली. नाक्यावरचा जाच गेला, फार बरं झालं. पण जकात होती तोवर पेठेत माल आला तर पालिकेच्या तिजोरीत पैसा येत होता. पेठ चालण्यात पालिकेचा स्वार्थ होता. जकातीच्या बदली शासनाचं सहायक अनुदान सुरू झालं. ते पेठेत गर्दी असो वा शुकशुकाट, येतच राहतं. तेव्हापासून पालिकेची नजर बाजाराकडून मंत्रालयाकडे वळली. आज निधीची नावं भरपूर आहेत : नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण कामं, जिल्हा नियोजन, वित्त आयोग. अंदाजपत्रक होतं, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, काम, बिल, आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र. त्या प्रमाणपत्रात पैसा खर्च झाला एवढंच लिहिलेलं असतं. चौकात पेव्हर ब्लॉक बसल्यावर तिथल्या दुकानांचं गिऱ्हाईक वाढलं की घटलं, याचा रकाना त्यात नाही.

हा आपल्याच देशाचा दोष आहे असं समजू नका. इंग्लंडमध्ये मॉल आणि ऑनलाइन खरेदीने गावोगावच्या पेठा ओस पडायला लागल्या, तेव्हा २०१२ मध्ये सरकारने मेरी पोर्टस या बाईंच्या सल्ल्याने काही गावं प्रयोगासाठी निवडली. पहिल्या १२ गावांना प्रत्येकी एक लाख पौंडांपर्यंत रक्कम मिळाली. डार्टफर्डने त्यातले काही पौंड पेप्पा पिग या कार्टूनमधल्या डुकरिणीला गावात आणण्यावर घातले. पोरं खूश झाली असतील. पण काही वर्षांनी पाहिलं तर निवडलेल्यांपैकी बऱ्याच गावांत चालू दुकानं कमीच झालेली होती. एकदाच आलेला पैसा एकदाच्या तमाशात गेला.

याउलट टोरांटोचं ब्लूर वेस्ट व्हिलेज. भुयारी रेल्वे आली आणि रस्त्यावरून जाणारं गिऱ्हाईक जमिनीखालून जायला लागलं. शिवाय आसपास मॉल उघडले. महामार्ग बाजूने गेलेल्या गावाला हे दुःख वेगळं समजावून सांगायला नको. तिथल्या दुकानदारांनी सरकारकडे अनुदान न मागता कायदा मागितला : आमच्या पेठेतल्या प्रत्येक दुकानावर जादा कर बसवा, तो पालिकेने वसूल करावा, आणि खर्च आमच्या मंडळाने पेठेतच करावा. १९७० मध्ये तसं झालं. दिवे लागले, बाकं आली, झाडं लागली. वर्गणी ऐच्छिक ठेवली असती तर दहा जणांनी दिली असती आणि शंभरांनी उजेडात धंदा केला असता. म्हणून सक्ती त्यांनी स्वतःच मागितली. पुढे जगभर अनेक शहरांनी ही पद्धत उचलली.

मग धरणगावच्या पेठेत उंबऱ्याबाहेर काय करायचं?

पहिली गटार. यात हसण्यासारखं काही नाही. दुकानाचा ओटा गटारीवर येतो, ओट्यावर फरशी, फरशीवर पोती, पोत्यांवर दोरीने टांगलेले नमुने. सफाई कामगाराला फरशी उचलता येत नाही आणि दुकानदार उचलू देत नाही. जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस झाला की तेच पाणी पायरी चढून आत येतं आणि साखरेचं पोतं भिजवतं. नवी गटार बांधायला पैसा मिळेल. पण ओटा मागे घेण्याचा निर्णय शासन काढून देणार नाही, तो पेठेने करायचा आहे.

दुसरं, बायांसाठी स्वच्छतागृह. पेठेत खरेदी बाई करते. खेड्यावरून सकाळच्या एस.टी.ने आलेल्या बाईला चार तास सोय नसेल तर ती घाईने दोन वस्तू घेऊन परत जाते, किंवा सोय असलेल्या शहराला जाते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी आपल्यासारख्या शहरांच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता. म्हणजे या कामाला पैसा नव्हता असं म्हणायची सोय नाही. बांधण्यापेक्षा अवघड आहे ते रोज धुणं. तिथेच पेठेच्या वर्गणीतून दोन बायांना कायमचं काम देता येईल. पाण्याचं म्हणाल तर नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते मी तुम्हाला सांगायचं कारण नाही. पाण्यावाचून स्वच्छतागृहाचं उद्घाटन करू नये एवढंच सुचवतो.

तिसरे, रस्त्यावर बसणारे. आखाजीला कुंभारीण घागरी घेऊन येते, घागरीवर घागर ठेवून उतरंड लावते, आणि दुकानदार म्हणतो, माझ्या तोंडासमोर नको. पण घागर घ्यायला आलेली बाईच पुढे त्याच्या दुकानात शिरते. २०१४ च्या कायद्याने शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत पथविक्रेत्यांना जागा देण्याची तरतूद केली आहे. सुमारे ३५ हजार वस्तीला हा आकडा साडेआठशेच्या वर जातो. पथविक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी त्यांचेच असावेत असंही त्यात आहे. दुसरीकडे २०२० पासून स्वनिधी योजनेत त्यांना १० हजारांचं पहिलं कर्ज मिळालं, ते फेडलं तर २० आणि ५० हजार, व्याजावर ७ टक्के सवलत. २०२५ मध्ये पहिली रक्कम १५ हजार झाली. कर्ज मिळालं पण बसायची जागा ठरली नाही, तर त्या कुंभारणीने हप्ता कुठे बसून फेडायचा? आधी रंगाने आखलेली जागा, पाण्याचा नळ, सावली, मग कर्ज.

आतल्या दुकानदाराला काहीच नाही का? आहे. ब्रिग्जसारखी उचल. मुद्रा योजना आहे. कर्ज घ्यावं, फेडावं. फुकटच्या अनुदानाची सवय धंद्याला लावू नये, आणि पालिकेने आणखी गाळे बांधू नयेत, निदान रिकामे भरेपर्यंत तरी.

शेवटची सूचना बिनखर्चाची आहे. पेठेत कोणतंही काम मंजूर होण्याआधी व्यापारी मंडळाने, कॉलेजच्या पोरांना हाताशी धरून, दोन दिवस पेठ मोजावी : उघडी शटरं किती, बंद किती, बाजाराच्या दिवशी दुपारी बाराला किती माणसं गेली, त्यांत बाया किती. तो कागद ठरावाला जोडावा. काम झाल्यावर वर्षाने त्याच महिन्यात, त्याच वारी पुन्हा मोजावं आणि दोन्ही आकडे पालिकेच्या फलकावर लावावेत. आकडा वाढला नाही तर पुढचा निधी त्याच कामाला मागू नये. उपयोगिता प्रमाणपत्रात जो रकाना नाही तो आपण आपल्या वहीत आखायला कोणाची मान्यता लागत नाही. यंदाची आखाजी पहिल्या मोजणीला चांगली आहे. व्यापारी मंडळाचे पदाधिकारी समोर बसलेले आहेत. वही कोण धरणार एवढं त्यांनी उठण्याआधी ठरवावं.