अजिंठ्याच्या वाटेवरचं सिल्लोड



अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात छताकडे नीट पाहिलं, तर टोकदार टोप्या घातलेले, दाढीवाले परदेशी पुरुष हातात चषक घेऊन बसलेले दिसतात. अभ्यासक त्यांना इराणी मानतात. पंधराशे वर्षांपूर्वीच्या आपल्या चित्रकारानं परमुलखातल्या माणसाचा पेहराव इतका बारकाईनं रंगवला, म्हणजे अशी माणसं त्यानं पाहिलेलीच असणार. परदेशी पाहुणा आणि परदेशी व्यापार या मुलखाला नवा नाही.

आजही तो पाहुणा येतो. 1983 साली अजिंठा जागतिक वारसा यादीत गेला. जपान, कोरिया, थायलंडपासून युरोपपर्यंतची माणसं इकडे येतात. छत्रपती संभाजीनगरहून लेणी शंभरेक किलोमीटरवर, आणि सिल्लोड ऐन वाटेवर. पण पाहुणा सकाळी निघतो, लेणी पाहतो आणि संध्याकाळी शहरातल्या हॉटेलात परततो. आपल्या वाट्याला फार तर एक चहा येतो.

परदेशी पैसाही आला. लेण्यांचं जतन, रस्ते, विमानतळ, वनीकरण यांसाठी जपाननं 1992 साली आणि पुन्हा 2003 साली कर्ज दिलं. दान नव्हे, कर्ज! त्यातूनच लेण्यांच्या पायथ्याशी भव्य पर्यटक केंद्र उभं राहिलं. तिथे निवडक लेण्यांच्या प्रतिकृतीही केल्या. काही वर्षांतच विजेची आणि पाण्याची बिलं थकली आणि केंद्राला कुलूप लागलं. मला याचं फार वाईट वाटतं. इमारतीला पैसा मिळतो, तिच्या रोजच्या खर्चाची तजवीज मात्र कुणी करत नाही. गुंतवणूकदार कुठल्याही देशाचा असो, तो हेच आधी पाहतो.

शहराजवळच्या शेंद्र्यात 2001 साली स्कोडाचा मोटार कारखाना आला, 2024 मध्ये तिथल्याच बिडकीनसाठी टोयोटाशी करार झाला. चांगलंच झालं. पण सिल्लोडनं मोटारीच्या कारखान्याची वाट पाहत बसू नये. आपलं भांडवल शेतात आहे. भर मे महिन्यात, अंग भाजणाऱ्या उन्हात आपला शेतकरी मल्चिंग पेपर अंथरतो, ठिबक सोडतो आणि मिरचीची रोपं लावतो. पावसाळ्यात तोडा सुरू झाला की शिवना, आमठाण्याच्या बाजारात एकच गर्दी उसळते. दिवसभर बायकांनी तोडलेली मिरची पोत्यांतून येते, व्यापारी मूठभर उचलून देठ पाहतो, मोडून पाहतो, भाव बोलतो. माल रातोरात मोठ्या शहरांकडे निघतो, काही आखाती देशांपर्यंत जातो. 

आणि हीच मिरची आवक वाढली की मातीमोल होते. तोडणीची मजुरीही सुटत नाही. शीतगृह, वाळवणी, भुकटी, पॅकिंग यांत कुणी परदेशी पैसा घालायला तयार असेल, तर त्याला बोलवावं. मात्र भागीदारीत शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी हवी.

पर्यटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. त्याआधी नगरपरिषद, बाजार समिती आणि बचत गटांनी एकत्र बसून हमरस्त्यावर एक थांबा उभारावा: स्वच्छ शौचालय, पिण्याचं पाणी, गरम भाकरी-ठेचा, आणि गावचा मसाला सीलबंद पाकिटात, किंमत छापून. आणि त्याचं वीजबिल कोण भरणार, हे पहिल्याच बैठकीत लिहून घ्यावं.