टेंडन उसना घेताना



अमरावती-नागपूर रस्त्यावरच्या या मोझरीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 साली गुरुकुंज आश्रम उभारला. इथे सामुदायिक प्रार्थनेला माणसं मांडी घालून बसतात. शेजारी अमरावतीत 1914 पासूनचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. त्याच मंडळाच्या चमूनं 1936 मध्ये बर्लिनला कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं. प्रार्थना, कबड्डी आणि शेतातलं निंदण, वऱ्हाडात सगळं गुडघ्याच्या जिवावर चालतं.

गुडघ्यातल्या फाटलेल्या एसीएल लिगामेंटच्या शस्त्रक्रियेवरच्या परिषदांत हाडातला बोगदा कुठे पाडावा यावर तासन्‌तास चर्चा होते. त्याच्या जागी बसवायचा मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट काढणं मात्र आपण धाकट्या सहकाऱ्याकडे सोपवून मोकळे होतो. पण ग्राफ्ट म्हणजे रुग्णाच्या धडधाकट मांडीतून केलेली उसनवारी. ती कशी केली, याचा हिशेब आपण द्यायला हवा.

आपल्या सवयीचा मार्ग पुढचा. नडगीच्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला, जरा खाली छेद घ्यायचा. सार्टोरियसच्या पडद्याखाली वर ग्रॅसिलिस आणि खाली सेमिटेंडिनोसस बोटाला दोरीसारखे लागतात. छेद फार खोल गेला तर आतल्या बाजूच्या लिगामेंटला इजा होते. सॅफेनस नर्व्हची गुडघ्याच्या वाटीखाली जाणारी फांदी याच भागातून जाते. उभ्या छेदापेक्षा तिच्या दिशेनं घेतलेला तिरका छेद तिला जपतो, बधिरपणा कमी राहतो.

खरी फसगत आत होते. सेमिटेंडिनोससचा एक पट्टा पोटरीच्या स्नायूकडे जातो. टेंडन ओढल्यावर पोटरीची कातडी आत खेचली गेली, तर तो पट्टा सुटलेला नाही. तसाच टेंडन सोडवणारा स्ट्रिपर पुढे रेटला की वाट चुकते आणि टेंडन अर्ध्यात तुटतो. मग तोकडा, बारीक ग्राफ्ट हाती येतो. 8 मिलिमीटरपेक्षा कमी जाडीचे ग्राफ्ट पुन्हा फाटण्याची शक्यता अधिक असते, विशेषतः तरुण खेळाडूंत.

दुसरा मार्ग मागचा. 2005 मध्ये अमेरिकेतल्या प्रोड्रोमॉस आणि सहकाऱ्यांनी तो सविस्तर मांडला. गुडघ्यामागच्या घडीत, आतल्या बाजूला लहान छेद घ्यायचा. टेंडन कातडीखालीच असतो आणि पट्टे डोळ्यांसमोर कापता येतात. पण बोगद्यासाठी पुढचा छेद टळत नाही, म्हणजे एक व्रण वाढतो. आणि घडीच्या मध्याकडे सरकलात, तर रक्तवाहिन्या व मोठ्या नर्व्ह तिथेच आहेत.

तेव्हा पुढचा की मागचा, हा अभिमानाचा विषय करू नका. पुढच्या मार्गावर हात बसू द्या. स्थूल रुग्णात टेंडन हाती लागत नसला किंवा पट्टे दिसत नसले, तर मागून जाण्याची तयारी ठेवा. निवासी डॉक्टरांना दोन्ही मार्ग शिकवा, आणि स्ट्रिपर सरकेपर्यंत त्यांच्या शेजारून हलू नका.

आपल्याकडचा रुग्ण सांगतो, ‘डॉक्टरसाहेब, टोंगळा सटकते.’ शस्त्रक्रियेनंतर सटकणं थांबतं. पण हे टेंडन काढल्यावर गुडघा पूर्ण दुमडताना लागणारी ताकद काही अंशी कमी होते. पुष्कळांत टेंडन पुन्हा वाढतो, तरी पहिल्यासारखाच होईल याची खात्री नसते. खुर्चीवर बसणाऱ्याला हे जाणवणारही नाही. उकिडवं बसून निंदणाऱ्या बाईला जाणवेल. म्हणून संमतीपत्रावर सही घेण्याआधी तिला विचारा : तुमचं काम बसून आहे की उभ्यानं? गुडघे टेकावे लागतात का? त्याऐवजी वाटीच्या टेंडनचा ग्राफ्ट घेतला तर गुडघे टेकताना दुखू शकतं, हेही तिला कळू द्या. निवड मग दोघांची होईल.

पुढच्या वर्षीसाठी माझी एक मागणी आहे. प्रत्येक ग्राफ्टमागे एक पान भरा : छेद कोणता, टेंडन अखंड निघाला का, लांबी आणि जाडी किती, आणि वर्षानं बधिरपणा किती, रुग्ण मांडी घालतो का, उकिडवा बसतो का. फसलेल्या केसचं पान सगळ्यात आधी ठेवा. अकोला, अमरावती, यवतमाळची पानं एकत्र आली, तर वऱ्हाडातल्या गुडघ्यांबद्दल आपण परदेशी आकड्यांवर विसंबून बोलणार नाही.