एमडी, एचआयव्ही आणि मेंदू

मीरा-भाईंदरमध्ये एमडीची, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पुडीची, बातमी येते ती पोलिसांकडून. सप्टेंबर 2025 मध्ये तर मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलिसांनी माग काढत हैदराबादजवळचा कारखानाच गाठला. किती किलो, किती कोटी, एवढ्यावर बातमी संपते. ती पूड ओढणाऱ्याच्या अंगात आधीच एचआयव्ही असेल तर काय, हे कोणी विचारत नाही. विचारायला हवे, कारण विषाणू आणि नशा या दोघांचा मारा मेंदूत एकाच जागी होतो. लागण झाल्यावर काही आठवड्यांतच एचआयव्ही मेंदूत शिरतो. मज्जापेशींत नव्हे, तिथल्या राखणदार पेशींत तो ठाण मांडतो आणि त्यांतून सुटणारी विषारी द्रव्ये शेजारच्या मज्जापेशींना जाळतात. एमडीसारख्या उत्तेजक नशेने मेंदूतले डोपामिन हे रसायन उसळते. आणि डोपामिन वाढले की राखणदार पेशींतला विषाणूही फोफावतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. सॅन डिएगोतल्या 2004 च्या अभ्यासात एचआयव्ही आणि मेथॅम्फेटामिन या दुसऱ्या उत्तेजकाचे व्यसन दोन्ही असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांची स्मृती, एकाग्रता वगैरे घसरलेली आढळली. दोहोंपैकी एकच असलेल्यांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास होते.

कोणी म्हणेल, हा दोष चुकलेल्या गोळ्यांचा. धुंदीत एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरील उपचाराची, गोळी राहते, हे खरेच. पण उंदरांवरील प्रयोगांत गोळ्यांचा प्रश्नच नव्हता. विषाणूचे टॅट हे प्रथिन आणि मेथॅम्फेटामिन एकत्र दिल्यावर झालेली हानी दोहोंच्या बेरजेहून मोठी होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एमडी म्हणजे मेथॅम्फेटामिन नव्हे. मान्य. उंदरांत एकट्या मेफेड्रोनने डोपामिनच्या मज्जातंतूंची तशी नासधूस केली नाही. मात्र मेथॅम्फेटामिनच्या जोडीला दिल्यावर त्याचे विष वाढवले, आणि रस्त्यावरच्या पुडीत नेमके काय मिसळले आहे हे विकणाराही छातीठोकपणे सांगणार नाही.

म्हणून गोळी विसरणाऱ्याला निष्काळजी ठरवण्याआधी त्याची स्मृती तपासावी. एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाने एमडीबद्दल सरळ विचारावे, व्यसनमुक्ती केंद्राने एचआयव्ही चाचणी सुचवावी. अफूजन्य नशेला ब्यूप्रेनॉर्फिनचा पर्याय तरी आहे, एमडीला तसे औषध नाही. तिथे समुपदेशनावरच भिस्त. असे विचारल्याने रुग्ण बिथरेल, ही भीती रास्त आहे. पण 2017 च्या एचआयव्ही कायद्याने चाचणीला संमती आणि माहितीला गुप्तता बंधनकारक केली आहे. हे त्याला पहिल्या भेटीतच सांगावे, प्रश्न त्यानंतर विचारावा.