बीटल्सच्या जमाखर्चातील न दाखविलेली रक्कम

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात माहितीपट दाखविल्यानंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण आता जो माहितीपट पाहिला तो रॉन हॉवर्ड या अमेरिकन दिग्दर्शकाने २०१६ साली तयार केला. ‘एट डेज अ वीक’ हे त्याचे नाव. बीटल्स या इंग्रज वाद्यवृंदाने १९६२ ते १९६६ या काळात जे दौरे केले, त्यांचा हा वृत्तान्त आहे. अभ्यासवर्गात हा विषय कशासाठी, असा प्रश्न काही ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसतो आहे. रॉक संगीतावर बोलण्याचा मला अधिकार नाही. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. त्या सवयीने चित्रपट पाहतानाही मी जमाखर्चच मांडत होतो. त्यात एक मोठी रक्कम मला कुठेच सापडली नाही. तिच्याविषयी बोलतो.

त्याआधी चित्रपटाचे श्रेय त्याला दिले पाहिजे. अमेरिकेतील जॅक्सनव्हिल शहरचा प्रसंग आपण पाहिला. सप्टेंबर १९६४. नागरी हक्कांचा कायदा होऊन जेमतेम दोन महिने झाले होते, आणि दक्षिणेतील प्रेक्षागारांत काळ्यांना वेगळे बसविण्याची रीत अद्याप मोडलेली नव्हती. प्रेक्षकांत असा भेद केला तर आम्ही वाजविणार नाही, असे या चौघांनी जाहीर केले, आणि कार्यक्रम भेदाविना झाला. त्या दिवशी श्रोत्यांत असलेल्या किटी ऑलिव्हर या कृष्णवर्णीय विदुषींची साक्ष चित्रपटात आहे, ती मला सर्वांत मोलाची वाटली. ज्या काळ्या अमेरिकन गायकांचे संगीत ऐकून ही मुले शिकली, त्यांचे ऋण मानण्याची ही एक तऱ्हा होती. पुढच्या वर्षी ही अट करारातही लेखी आली.

तथापि चित्रपट सुरू होतो तेव्हा हे तरुण जवळजवळ तयार झालेले आहेत. प्रतिभा, मेहनत, चतुर व्यवस्थापक आणि दैवाची साथ, एवढ्यावर त्यांच्या यशाची उपपत्ती लावली जाते. मेहनतीबद्दल वाद नाही. १९६० साली ते जर्मनीत हॅम्बर्गच्या बंदरभागातील गुत्त्यात वाजवायला गेले, तेव्हा रोजी माणशी तीस मार्क मिळत. रोज साडेचार तास आणि सुटीच्या दिवशी त्याहून अधिक वाजवावे लागे. झोपायची जागा एका चित्रपटगृहाच्या मागे, शौचालयाला लागून. कामगार चळवळीत काम केलेल्यांना या अटी ओळखीच्या वाटतील. पण सतरा ते वीस वर्षांची ही मुले गिटार हातात घेऊन तेथवर पोहोचली कशी?

त्यासाठी लिव्हरपूलला गेले पाहिजे. हे कापसाचे बंदर. अमेरिकन यादवीच्या काळात, १८६१ ते ६५ मध्ये, तेथे जाणाऱ्या कापसावर मुंबईचे शेठजी गबर झाले आणि युद्ध संपताच बुडाले, हे आपल्याला ठाऊक आहे. पॉल मॅकार्टनीचे वडील त्याच कापसाच्या व्यापारातील एका पेढीवर विक्रेते होते. युद्धोत्तर काळात तो धंदा उताराला लागलेला. आई परिचारिका आणि सुईण, तिची मिळकत नवऱ्याहून अधिक. १९५५ साली हे कुटुंब २०, फॉर्थलिन रोड या घरात राहावयास गेले. घर नगरपालिकेने बांधलेले, भाड्याचे. जॉर्ज हॅरिसनचे वडील बसवर नोकरीला होते. तो जन्मला त्या घराचे शौचालय बाहेर अंगणात होते. पालिकेच्या यादीत कित्येक वर्षे वाट पाहिल्यावर या कुटुंबाला स्पीक वसाहतीत घर मिळाले.

१९४५ साली सत्तेवर आलेल्या ॲटलींच्या मजूर सरकारात घरबांधणीचे खाते अन्यूरिन बेव्हन यांच्याकडे होते. कामगाराचे घर म्हणजे खुराडे नव्हे, त्यात ऐसपैस खोल्या आणि न्हाणीघर हवेच, हा त्यांचा आग्रह. घरांची संख्या त्यामुळे कमी भरते म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. फॉर्थलिन रोडची वसाहत याच काळातली. त्या घराच्या पुढच्या खोलीत, वडील कामावर गेलेले असताना, शाळा-कॉलेज बुडवून मॅकार्टनी आणि लेनन समोरासमोर बसून गाणी रचीत. १९६२ साली निघालेल्या त्यांच्या पहिल्या तबकडीवरील ‘लव्ह मी डू’ तिथलेच. शाळा बुडविण्याचे समर्थन मी शिक्षक असल्यामुळे करू शकत नाही; पण बुडवून जाण्यासाठी रिकामी, कोरडी, ऊबदार खोली लागते, हे मात्र सांगतो.

रिंगो स्टारची गोष्ट याहून बोलकी आहे. डिंगल या कष्टकरी वस्तीतला हा मुलगा. सहा-सात वर्षांचा असताना पोटाच्या दुखण्याने तो वर्षभर रुग्णालयात होता. तेराव्या वर्षी क्षयाने गाठले आणि जवळजवळ दोन वर्षे आरोग्यधामात काढावी लागली. या दोन आजारांच्या मध्ये, ५ जुलै १९४८ रोजी, ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तीही बेव्हन यांचीच. दुसऱ्या आजाराचा दीर्घ उपचार फुकट झाला. त्या आरोग्यधामात मुलांचे मन रमावे म्हणून तालवाद्ये वाजवून घेत. तिथे त्याने प्रथम ताल धरला. बीटल्सचा ढोलकी, म्हणायचे तर, सरकारी दवाखान्यात तयार झाला.

शिक्षणाविषयी मात्र सावध बोलले पाहिजे. १९४४ च्या कायद्याने माध्यमिक शिक्षण निःशुल्क झाले. तो कायदा युद्धकाळातील संयुक्त सरकारचा आणि मंत्री बटलर हे हुजूर पक्षाचे, हे विसरून चालणार नाही. मॅकार्टनी आणि हॅरिसन अकराव्या वर्षीच्या परीक्षेतून निवडले जाऊन चांगल्या शाळेत गेले. आजाराने शाळा चुकलेला रिंगो खालच्या प्रतीच्या शाळेत पडला. अकराव्या वर्षी मुलांची चाळणी करणारी ती पद्धत अन्यायाचीच होती. लेनन शालान्त परीक्षेत सपशेल नापास झाला, तरी कलाविद्यालयाने त्याला पदरी घेतले. आणखी एक गोष्ट. १ ऑक्टोबर १९३९ नंतर जन्मलेल्यांना सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळाली. लेनन आणि रिंगो दोघेही १९४० चे. हा निर्णयही हुजूर सरकारचा. थोडे आधी जन्मते, तर हॅम्बर्गऐवजी छावणीत असते.

आता दुसरी बाजू. १९६२ च्या करारानुसार तबकडी सहा शिलिंगांहून अधिक किमतीला, म्हणजे बहात्तर पेन्सांहून अधिकाला विके. त्यातली एक पेनी या चौघांची, तीही चौघांत वाटून आणि व्यवस्थापकाचा हिस्सा वेगळा. म्हणूनच दौरे काढावे लागत. १९६३ साली गाण्यांच्या हक्कांची कंपनी निघाली, तिचा निम्मा वाटा प्रकाशकाचा. १९६९ साली ते भाग त्रयस्थांना विकले गेले. रचणाऱ्यांना आपली गाणी परत घेता आली नाहीत. त्यांच्या नावाच्या बाहुल्या, टोप वगैरे मालाच्या अमेरिकेतील व्यवहारात तर प्रारंभी नव्वद टक्के दलालाकडे गेले.

आणि १९६६ साली या मंडळींनी रागाने गाणे काढले ते करवसुली करणाऱ्यावर! ‘टॅक्समन’ हॅरिसनचे. करांचा सर्वोच्च दर तेव्हा नव्वद टक्क्यांच्या वर होता, हे खरे. परंतु तो दर उत्पन्नाच्या अगदी वरच्या थराला लागतो, सबंध उत्पन्नाला नव्हे. हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढून दाखविले आहे. प्रकाशकावरही हॅरिसनने पुढे एक गाणे केले, पण ते थट्टेचे. राग सरकारवर. एक पेनी देणारा दिसत नाही, कर मागणारा दिसतो. घर, शाळा, औषध ज्या तिजोरीतून आले, तिचे बिल आल्यावर तेवढीच ती दिसते. हॅरिसनला मी दोष देत नाही. आपल्याकडील सुशिक्षितही याहून वेगळे बोलत नाहीत.

एक आक्षेप मला स्वतःलाच सुचतो. ज्या काळ्या अमेरिकन कलावंतांकडून हे शिकले, त्या चक बेरी, लिटल रिचर्ड यांना कोणत्या सरकारने घर दिले होते? कोणत्याच नाही. प्रतिभा अन्यायातही उगवते. पण तिथे जी उगवलीच नाही, तिची नोंद कोणत्याही माहितीपटात नसते. लिव्हरपूलमध्ये त्या वर्षांत असे शेकडो वाद्यवृंद होते आणि बहुतेकांचे पुढे काही झाले नाही. त्या सर्वांना वाजविण्याची सवड मिळाली, हे मला चार जणांच्या कीर्तीइतकेच महत्त्वाचे वाटते. ‘अनुत्पादक खर्च’ म्हणून अंदाजपत्रकात ज्याला कात्री लागते, त्याचे फळ कोणत्या रकान्यात लिहिणार?

त्या देशात पुढे काय झाले तेही पाहा. १९८० च्या कायद्याने पालिकांची घरे विक्रीला निघाली. मॅकार्टनी आणि हॅरिसन शिकले ती शाळा १९८५ साली बंद पडली. १९९८ मध्ये उच्च शिक्षणाला शुल्क लागू झाले, आणि ते लावणारे सरकार मजूर पक्षाचे होते. शाळेच्या ओस इमारतीत १९९६ पासून कलाशिक्षणाची संस्था चालते, ती मॅकार्टनीच्या पुढाकाराने. आणि फॉर्थलिन रोडचे ते घर १९९५ साली नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने घेतले. आता तिथे कोणी भाडेकरू राहत नाही. तिकीट काढून ती पुढची खोली पाहता येते.