प्लिमथ बंदरांतील दोन महिने

समुद्रप्रवासाचीं पुस्तकें बहुधा नांगर उचलल्यावर सुरू होतात. नांगर उचलेपर्यंत प्रवाशाच्या जिवाची काय अवस्था झाली, हें लेखक दोन ओळींत आटोपतो आणि वाचकही तेवढ्यावर समाधान मानतो. आज श्रोत्यांना त्या दोन ओळींतच थोडा वेळ थांबवून ठेवण्याचा माझा विचार आहे. गलबताचें नांव ‘बीगल’, बंदर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्लिमथ, आणि प्रवासी चार्ल्स डार्विन. उत्क्रांतीच्या उपपत्तीमुळें हें नांव आज शाळेंतील मुलांनाही ठाऊक असतें. परंतु १८३१ सालीं डार्विन हा बावीस वर्षांचा, नुकतीच केंब्रिजची पदवी घेतलेला, आणि पुढें पाद्री व्हावयाचा असें वडिलांनीं ठरवून ठेवलेला एक तरुण होता. यापलीकडे त्याची कांहीं ओळख नव्हती.

त्या वर्षाच्या ऑगस्टअखेर त्याला केंब्रिजचे त्याचे गुरु हेन्स्लो यांचें पत्र आलें. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याची मोजणी करण्यास एक सरकारी गलबत निघत असून त्याचा कप्तान फिट्झरॉय याला सोबतीस कोणी सुशिक्षित निसर्गाभ्यासक हवा आहे, तरी तूं जावें, असा त्यांतला मजकूर होता. वडिलांनीं साफ नकार दिला. मात्र तुला जाण्याचा सल्ला देणारा एक तरी शहाणा माणूस दाखव, म्हणजे मी संमति देईन, अशी फट त्यांनीं ठेवली. मुलगा तडक मामांकडे गेला. वडिलांचे आक्षेप आठ होते. मामा जोसाया वेजवुड यांनीं एकेकाचें उत्तर लिहून पाठविलें आणि मागोमाग ते स्वतःही गेले. आपल्याकडील सिंधुबंदीला शास्त्राचा आधार दिला जाई, त्या इंग्रज गृहस्थाचे आक्षेप व्यवहाराचे होते. पाद्र्याला हें शोभणार नाहीं, गलबतावर हाल होतील, परत आल्यावर मुलाचें चित्त कोठें स्थिर होणार नाहीं, असे ते होते. तरी त्या घरांतील वादाचा सूर आपल्याला परका वाटत नाहीं. कोठल्याही देशांत मामा असावा तर असा!

गलबत सप्टेंबरअखेर निघावयाचें होतें. तें ऑक्टोबरवर गेलें, मग नोव्हेंबरवर. डार्विन २४ ऑक्टोबर रोजीं प्लिमथजवळील डेव्हनपोर्ट गोदीवर दाखल झाला, तेव्हां गलबताची मोडतोड करून पुन्हां जुळणी चालली होती. ‘बीगल’ची लांबी अवघी ९० फूट. या जातीचीं गलबतें वादळांत उलटून बुडत, म्हणून खलाशांनीं त्यांना ‘शवपेट्या’ हें नांव दिलें होतें. फिट्झरॉय स्वतः सव्वीस वर्षांचा, परंतु कामांत कमालीचा काटेकोर. त्यानें कुजलेलें लांकूड काढविलें, वरचा डेक उंच करवून घेतला, डोलकाठ्यांना विजेपासून बचावाचे वाहक बसविले, आणि २२ कालमापक घड्याळें बरोबर घेतलीं. त्यांतलीं कांहीं पदरच्या पैशानें. इतकीं घड्याळें कशाला, असें मुलें वर्गांत विचारीत. पृथ्वी एका तासांत १५ अंश फिरते; तेव्हां निघाल्या ठिकाणची वेळ घड्याळांत जपून ठेवली आणि आहों त्या ठिकाणची वेळ सूर्यावरून काढली, कीं दोहोंतील फरकावरून रेखांश मिळतो. चार सेकंदांची चूक झाली तर विषुववृत्तावर एका सागरी मैलाची चूक होते. म्हणून एक घड्याळ बिघडलें तर दुसऱ्यानें त्याची साक्ष द्यावयाची.

या तयारीला जो वेळ लागला त्याला मी विलंब म्हणणार नाहीं. तेथें सुतारांची ठोकाठोक ऐकूं येत होती, रंग चढत होता, सामान भरलें जात होतें. टिएरा डेल फ्यूगो या दक्षिण टोंकाच्या प्रदेशांतील तीन रहिवासी मागच्या सफरींत इंग्लंडला आणले गेले होते. त्यांना परत पोंचवावयाचें होतें. त्यांच्यासाठीं धर्मादाय मंडळींनीं मद्याचे पेले, चहाचीं तबकें आणि सूपाचीं भांडीं पाठविलीं होतीं! त्या उघड्या, बर्फाळ किनाऱ्यावर यांचा काय उपयोग, हें पाहून खलाशांना हंसूं आवरेना. डार्विनला मिळालेल्या खोलींत मध्यभागीं नकाशांचें मोठें मेज; झोपण्याची झोळी त्याच्यावरच टांगावयाची. तो अंगानें उंच, त्यामुळें पाय मावण्यासाठीं भिंतींतील एक खण काढून टाकावा लागला.

खरा विलंब सुरू झाला तो सर्व कांहीं सज्ज झाल्यावर. २३ नोव्हेंबरला गलबत गोदींतून हलून मैलभरावर येऊन उभें राहिलें, आणि नैर्ऋत्येचा वारा सुटला. प्लिमथहून अटलांटिक महासागरांत जाण्याची वाटही नैर्ऋत्येलाच. चौरस शिडांच्या गलबताला वाऱ्याच्या तोंडावर जातां येत नाहीं. वारा बाजूचा असेल तर वळणें घेत तिरकें पुढें सरकतां येतें. पण समोरून तुफान आलें तर बंदर गांठण्यावांचून गत्यंतर नसतें. आमच्या कोंकणांतील नाखवा नारळी पौर्णिमेची वाट पाहतो, तोही एका परीनें वाऱ्यासाठींच थांबलेला असतो. परंतु त्याच्या थांबण्याला पंचांगांत तिथि आहे. इंग्लिश खाडींतील हिंवाळी वाऱ्याला तिथि नाहीं. उद्यां निघूं, परवां निघूं, असें करतां करतां माणसाचा धीर खचतो तो येथें.

आणि या तरुणाचा धीर खचलाच होता. छातींत धडधड आणि वेदना होऊं लागल्या. त्याला थोडेंफार वैद्यक ठाऊक होतें, आणि अर्धवट ज्ञान असलेल्या माणसाप्रमाणें त्यानें आपणांस हृद्रोग झाला आहे असा ग्रह करून घेतला. तरी तो डॉक्टरकडे गेला नाहीं. डॉक्टर प्रवासास अपात्र ठरवील ही त्याला भीति. आणि कांहींही झालें तरी जावयाचेंच हा निश्चय. कित्येक वर्षांनीं आत्मचरित्र लिहितांना त्यानें हे प्लिमथचे दोन महिने आपल्या आयुष्यांतील अत्यंत कष्टाचे म्हणून नमूद केले आहेत. पुढें वादळें, भूकंप, आजार हें सर्व त्याच्या वांट्यास आलें. पण त्यांतल्या कशालाही त्यानें हा मान दिला नाहीं. त्याच्या हातीं परत फिरण्याचा मार्ग रोज मोकळा होता. घर गाडीच्या टप्प्यांत होतें, वडिलांना तर आनंदच झाला असता. प्रवास एकदां सुरू झाला म्हणजे ही मोकळीक उरत नाहीं. माझ्या मतें त्याची खरी कसोटी याच मोकळिकीनें पाहिली.

१० डिसेंबरला नांगर उचलला. बंदराच्या धक्क्याबाहेर पडतांच त्याला बोट लागली. रात्रीं तुफान झालें आणि दुसऱ्या दिवशीं गलबत होतें त्या जागीं परत. २१ डिसेंबरला पुन्हां निघाले, तें ओहोटीच्या पाण्यांत ड्रेक बेटाजवळ खडकावर अडकलें. सर्व माणसांनीं डेकवर इकडून तिकडे धांवून गलबताला हेलकावे दिले, तेव्हां तें सुटलें. दुसऱ्या सकाळीं डार्विनला जाग आली तों गलबताचें तोंड प्लिमथकडे! रात्रींत वारा फिरला होता. मग नाताळ आला. २६ तारखेस हवा अगदीं मनासारखी होती, पण जवळजवळ सर्व खलाशी दारूनें पडलेले नाहींतर बेपत्ता; तो सोन्यासारखा दिवस वायां गेला. अखेर २७ डिसेंबर १८३१ रोजीं पूर्वेचा वारा मिळाला. डार्विन किनाऱ्यावर जेवण उरकून दुपारीं दोनच्या सुमारास धक्क्याबाहेर गलबतावर चढला आणि शिडें भरलीं. दुसऱ्याच दिवशीं नाताळच्या गुन्ह्यांबद्दल चौघांना फटके मारण्यांत आले. तें दृश्य, आणि त्यावर बोट लागलेली! बिस्किटें आणि बेदाणे यांपलीकडे त्याच्या पोटांत कांहीं ठरत नव्हतें.

पण एवढ्यावर संपलें नाहीं. हम्बोल्टचीं प्रवासवर्णनें वाचून डार्विनला टेनेरीफ बेटाचें वेड लागलेलें होतें; तेथें जाण्यासाठीं तो याच वर्षीं स्पॅनिशही शिकूं लागला होता. ६ जानेवारीस बेट समोर आलें, नांगर टाकणार इतक्यांत किनाऱ्यावरून होडी आली. इंग्लंडमध्यें पटकी आहे, तेव्हां बारा दिवस कोणालाही उतरतां येणार नाहीं, असा हुकूम. बंगालमध्यें १८१७ सालीं जिचा मोठा उद्रेक झाला ती ही महामारी रशियाकडून सरकत सरकत १८३१ च्या ऑक्टोबरांत संडरलंड बंदरीं पोंचली होती. ‘बीगल’ ठरल्याप्रमाणें सप्टेंबरांत निघतें, तर हा हुकूम बहुधा निघालाच नसता. फिट्झरॉय बारा दिवस थांबणारा नव्हे. त्यानें शिडें चढविण्याची आज्ञा दिली आणि टेनेरीफचें शिखर डार्विननें गलबतावरूनच पाहिलें. त्या बेटावर तो पुढें कधींच गेला नाहीं.

दहा दिवसांनीं, १६ जानेवारी १८३२ रोजीं, केप व्हर्द बेटांतील पोर्तो प्राया येथें गलबत थांबलें आणि येथें मात्र तो उतरला. समुद्रकांठच्या कड्यांत पाण्यापासून कांहींशा उंचीवर एक पांढरा पट्टा आडवा गेलेला त्याला दिसला. जवळ जाऊन पाहतो तों त्यांत समुद्रांतील शिंपले. म्हणजे ही जमीन एके काळीं पाण्याखालीं होती आणि नंतर वर उचलली गेली. भूगर्भशास्त्रावर आपणही एक पुस्तक लिहूं शकूं, हा विचार त्याच्या मनांत प्रथम येथेंच आला.

सफर दोन-तीन वर्षांत संपावयाची होती, ती पांच वर्षांना तीन महिने कमी इतकी लांबली. २ ऑक्टोबर १८३६ च्या रात्रीं ‘बीगल’नें फॉलमथ बंदरांत नांगर टाकला. हवा वादळी होती. गलबत तेथून पुढें प्लिमथला जाणार होतें. पण डार्विन तितकें थांबला नाहीं. त्याच रात्रीं तो उतरला आणि टपालाच्या घोडागाडीनें घराकडे निघाला.