वकील लावताना
(कोल्हापूर येथील मेळाव्यात केलेले भाषण)



मी शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस. बोंडअळीबद्दल विचाराल तर तासभर बोलेन. पण आज भावावर बोलायचे नाही आणि बियाण्यावरही नाही. सकाळपासून सहा-सात जणांनी खिशातून घडी घातलेले कागद काढून दाखवले. कुणाचे समन्स, कुणाचे वॉरंट, कुणाच्या ट्रॅक्टरचा अपघात. तेव्हा आज वकील कसा लावायचा यावर बोलतो.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ठीक आहे. पण पायरीच आपल्या उंबऱ्यावर येऊन बसली तर काय करायचे? रास्ता रोको केला की जमावबंदीचा भंग, बेकायदा जमाव, वाट अडवणे ही कलमे ठरलेलीच. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले. त्याआधीच्या घटनेला मात्र जुनी कलमेच लागतात. आकडे बदलले तरी तारखेला एसटीने जायचे, दिवस मोडायचा आणि पुढची तारीख घेऊन परत यायचे, हे काही बदलले नाही.

माझे स्वतःचे सांगतो. रास्ता रोकोच्या एका खटल्यात आम्ही अकरा जण होतो. वकील तालुक्याचेच लावले. भला माणूस, सातबारा, वाटणी, बांधाच्या भांडणात हात धरणारा नाही. पण फौजदारी हे त्यांचे रान नव्हते. चार वर्षे आम्ही तारखा केल्या. दोघांची पेरणी तारखेपायी हुकली. शेवटी एका ओळखीच्याने आम्हाला दुसऱ्या वकिलाकडे नेले. ते आधी काही वर्षे सरकारी वकील होते. त्यांनी पंधरा मिनिटे कागद चाळले आणि दोनच गोष्टी विचारल्या. घटना कधीची, आणि दोषारोपपत्र कोर्टात दाखल कधी झाले? मध्ये जवळजवळ दोन वर्षे गेली होती. एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात एका वर्षाच्या आत कागद कोर्टात यावा लागतो. उशीर झाला तर कोर्टाला त्याचे कारण पटवून द्यावे लागते. आमच्या प्रकरणात कुणी कारण दिले नव्हते आणि कुणी विचारलेही नव्हते. दुसरे म्हणजे, सरकारी हुकूम मोडल्याच्या त्या जुन्या 188 कलमाखाली नुसत्या पोलिसांच्या दोषारोपपत्रावर कोर्टाला दखल घेता येत नाही. ज्याचा हुकूम मोडला त्या अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार कोर्टापुढे लागते. ती नव्हतीच. दोन अर्ज झाले आणि आम्ही मोकळे झालो. चार वर्षांच्या तारखा मात्र कुणी परत दिल्या नाहीत.

सरकारी बाजूने काम केलेल्या वकिलाचा फायदा हा असा. पंचनामा कसा लिहितात, पंच कुठले आणतात, तपास अधिकारी कुठे घाई करतो, हे त्याने आतून पाहिलेले असते. शेतात शिरल्यावर जाणता माणूस आधी बोंड फोडून बघतो, वरची हिरवळ बघत नाही, तसेच हे आहे.

सरकारी वकीलही दोन तऱ्हेचे असतात, हे लक्षात घ्या. तालुक्याच्या फौजदारी कोर्टात सहायक सरकारी अभियोक्ता असतो, तो पगारी. जिल्ह्याला सत्र न्यायालयात सरकारी वकील नेमतात ते वकिली करणाऱ्यांतूनच, किमान सात वर्षे वकिली झालेल्यांतून. मुदत संपली की तो पुन्हा खाजगी कामे घेतो. तेव्हा ‘मी सरकारी वकील होतो’ असे कुणी म्हटले तर विचारा, कुठल्या कोर्टात, किती वर्षे, आणि आपल्यासारखे खटले किती चालवले? विचारण्यात लाज कसली? बैल घेताना दात बघतोच की आपण.

आणि सावधही राहा. ‘साहेब माझ्या ओळखीचे आहेत, करून टाकू’ असे म्हणणाऱ्याच्या घरून उठून या. ज्या खटल्यात तो सरकारतर्फे उभा होता, त्याच खटल्यात त्याला आरोपीतर्फे उभे राहता येत नाही. निकालावर फी ठरवायला वकिलांच्या नियमांत बंदी आहे. ‘सुटलात तर इतके द्या’ म्हणणारा तिथेच नियम मोडतो. फीची पावती मागा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.

आता वाहनाचे. आपल्याकडे कडबा किंवा कापूस भरलेली ट्रॉली, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि अंधारात मोटारसायकल येऊन धडकते. मरणाऱ्याच्या घरावर आभाळ कोसळते, आणि ट्रॅक्टरवाल्याच्या घरावरही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा पूर्वी दोन वर्षांपर्यंत होती, नव्या संहितेत पाच वर्षांपर्यंत आहे. कुणी जखमी झाले असेल तर लोक म्हणतात, ‘कबूल कर, दंड भर, मोकळा हो.’ घाई करू नका. ती कबुली पुढे मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाईच्या दाव्यात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून येते. चालकाकडे लायसन नसेल तर विमा कंपनी जखमीला पैसे देऊन मालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे एकर-दीड एकर गेलेच. लायसनबाबत एक दिलासा आहे. रिकामे वजन साडेसात हजार किलोच्या आतला ट्रॅक्टर कायद्याने हलक्या वाहनात मोडतो, आणि हलक्या वाहनाचे लायसन असणाऱ्याला त्या वर्गातले मालवाहू वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 ला सांगितले. तेव्हा फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा हे दोन्ही एकत्र बघणारा वकील धरा.

मंत्री सभेत सांगतात, ‘आंदोलनाचे खटले मागे घेतले.’ टाळ्या वाजतात. पण शासनाच्या निर्णयाने खटला विरघळत नाही. सरकारी वकिलाने स्वतः विचार करून अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाने परवानगी द्यावी लागते. आजी-माजी आमदार-खासदारांवरचा खटला असेल तर ऑगस्ट 2021 पासून उच्च न्यायालयाचीही परवानगी लागते. आपला खटला यादीत आहे का, अर्ज पडला का, हे तुमच्या वकिलाने विचारले नाही तर कुणीच विचारणार नाही. मी अशी माणसे पाहिली आहेत, खटला गेला म्हणून घरी बसली आणि एक दिवस दारात वॉरंट आले.

या गावात बोलतो आहे म्हणून एक अवघड गोष्टही बोलतो. कॉम्रेड गोविंद पानसरे स्वतः वकील, गरिबांसाठी कोर्टात उभे राहणारे. फेब्रुवारी 2015 मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि 20 तारखेला ते गेले. त्या वर्षी संशयिताला पकडल्यावर इथल्या वकिलांच्या संघटनेने ठराव केला, त्याचे वकीलपत्र कुणी घेऊ नये. राग मला समजतो, माझाही होता. पण असे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितले होते, आणि ते मला पटते. उद्या आपल्या पोरांवर गाव चिडले तर त्यांच्या बाजूने कोण उभे राहील?

पैसे नाहीत म्हणून वकील नाही, असे म्हणू नका. 1987 च्या कायद्याने बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतली माणसे यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, फोन 15100.

उच्च न्यायालयाचे म्हणाल, तर 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले. सोलापूरच्या ज्वारीवाल्याला अटकपूर्व जामिनासाठी आता मुंबई गाठायला नको. बीड-परभणीच्या कापूसवाल्यांना छत्रपती संभाजीनगर आणि यवतमाळकरांना नागपूर आहेच.

ज्यांनी कागद आणले आहेत त्यांनी जेवण झाल्यावर डाव्या बाजूच्या मांडवात यावे. घटनेची तारीख आणि दोषारोपपत्राची तारीख, दोन्ही पेन्सिलीने कागदाच्या वर लिहून आणा.